ओक्लाहोमा सिटीच्या टीव्हीवर हवामान सांगणारा माणूस एवढा मोठा का असतो?

एका निवृत्त दांपत्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचा मुलगा ओक्लाहोमा सिटीलगतच्या एडमंड गावात राहतो आणि मे महिन्यात ते दोघे त्याच्याकडे गेले होते. एका संध्याकाळी टीव्हीवरची चालू मालिका अचानक थांबली आणि कोट काढून बाह्या सारलेले एक गृहस्थ नकाशासमोर उभे राहून जवळजवळ तीन तास, एकही जाहिरात न येता, बोलत राहिले. सुनेने उशा आणि हेल्मेट देऊन सासू-सासऱ्यांना घराच्या मधोमध असलेल्या क्लॉझेटमध्ये, म्हणजे कपडे ठेवायच्या बंद कोठडीत, बसवले आणि ‘ते सांगतील तेव्हाच बाहेर यायचे’ असे बजावले. दुसऱ्या दिवशी तेच गृहस्थ त्यांना महामार्गावरच्या भल्यामोठ्या फलकावर हसताना दिसले. सरकारचे हवामान खाते असताना एका खासगी वाहिनीच्या माणसावर लोक एवढा भरवसा का ठेवतात, आणि बातम्या सांगणाऱ्यांना तिथे नटांसारखे का मिरवले जाते, असे त्यांनी विचारले आहे.

या व्यवसायात मी सतरा वर्षे काढली. त्यांतली बहुतेक ओक्लाहोमातल्या वृत्तकक्षांत गेली, आणि तीही पडद्यावर नव्हे तर पडद्यामागे, बातमीपत्राचा निर्माता म्हणून. म्हणून उत्तर जरा लांबेल, परंतु फलक आणि क्लॉझेट यांचा संबंध समजण्यासाठी ते आवश्यक आहे.

प्रथम वाहिनी म्हणजे काय ते पाहू. आपल्याकडे वाहिनी म्हटले की मुंबईहून किंवा दिल्लीहून सगळीकडे एकच दिसणारा कार्यक्रम डोळ्यांपुढे येतो. अमेरिकेत तसे नाही. एनबीसी, एबीसी, सीबीएस ही राष्ट्रीय जाळी आहेत, पण घरातल्या पडद्यापर्यंत पोहोचवणारे केंद्र त्या त्या शहराचे असते, त्याचा परवाना त्या शहराच्या नावावर असतो आणि तो आठ वर्षांनी पुन्हा घ्यावा लागतो. प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या नील्सन कंपनीने देशाचे असे २१० भाग पाडले आहेत. ओक्लाहोमा सिटीचा भाग पहिल्या पन्नासांत मोडतो, आणि म्हणूनच आमच्या व्यवसायात हे शहर मध्यम मानले जाते, न्यूयॉर्क-शिकागोच्या तोडीचे नाही आणि एखाद्या तालुक्याच्या गावासारखेही नाही. २०२० च्या जनगणनेनुसार खुद्द शहराची वस्ती ६ लाख ८१ हजारांच्या आसपास आहे, परंतु केंद्राचा प्रेक्षक त्यापलीकडे तीसहून अधिक काउंट्यांमध्ये, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांमध्ये, गव्हाच्या शेतांपासून तेलविहिरींपर्यंत पसरलेला आहे. सपाट मुलखात दूरवर पोहोचायचे तर मनोरा उंच हवा. क्रमांक ९ वर दिसणाऱ्या केडब्ल्यूटीव्हीने १९५४ मध्ये सुमारे ४८० मीटरचा मनोरा उभारला. तेव्हा ते जगातले सर्वांत उंच बांधकाम होते, आणि केंद्राच्या नावातली अक्षरेही ‘वर्ल्ड्स टॉलेस्ट व्हिडिओ’ या फुशारकीवरूनच घेतलेली आहेत.

आता पैशाचे बोलू, कारण फलकाचे उत्तर तिथे आहे. रात्रीच्या राष्ट्रीय मालिकांमध्ये स्थानिक केंद्राला जाहिरातींसाठी थोड्याच जागा मिळतात. स्वतःच्या बातमीपत्रात मात्र सगळ्या जागा त्याच्या असतात. शहरातला मोटारविक्रेता, अपघातांचे खटले लढवणारा वकील, फर्निचरचे दुकान आणि निवडणुकीच्या वर्षी उमेदवार, हे सगळे याच जागा विकत घेतात. त्यामुळे पहाटे साडेचारपासून सुरू होऊन दुपारी, संध्याकाळी पुन्हा पुन्हा येणारी बातमीपत्रे ही सेवा जितकी आहे तितकीच दुकानदारीही आहे. अडचण अशी, की शहरात आग एकच लागते आणि ती चारही केंद्रे दाखवतात. महापौरांची पत्रकार परिषद एकच असते आणि चारही कॅमेरे शेजारी शेजारी उभे असतात. प्रेक्षकाने ४, ५, ९ आणि २५ यांपैकी एकच क्रमांक का लावावा? बातमी तीच असल्यामुळे निवड अखेरीस सांगणाऱ्या माणसावर येऊन ठेपते. केंद्राची दुसऱ्याला उचलून नेता न येणारी मालमत्ता म्हणजे तो ओळखीचा चेहरा. त्याला फलकावर चढवणे हा लाड नव्हे, हिशेब आहे.

हा हिशेब नेहमी सभ्यपणे केला गेला असे मात्र नाही. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून केंद्रांनी सल्लागार नेमायला सुरुवात केली. त्यांतली आयोवा राज्यातली फ्रँक मॅगिड यांची कंपनी सर्वांत प्रसिद्ध. हे लोक प्रेक्षकांची पाहणी करत आणि कोणाचे केस कसे असावेत, दोन बातम्यांच्या मध्ये निवेदकांनी आपसांत किती हसावे-बोलावे, इथपर्यंत सल्ला देत. शेजारच्या कॅन्सस सिटीत १९८१ मध्ये क्रिस्टीन क्राफ्ट या निवेदिकेला तिच्या जागेवरून दूर करण्यात आले. वय, रूप आणि पुरुषांपुढे नमते न घेणे ही कारणे आपल्याला सांगण्यात आली, असे तिचे म्हणणे होते. तिने खटला भरला, ज्यूरीने दोनदा तिच्या बाजूने कौल दिला आणि तरीही वरच्या न्यायालयात तिच्या हाती काही लागले नाही. माझ्या काळात ही भाषा सौम्य झाली होती. केशरचना बदलण्यापूर्वी व्यवस्थापनाला विचारण्याचे कलम मात्र मी करारांत पाहिलेले आहे, आणि ते बायकांच्या करारात नेहमी अधिक ठळक असे. सल्लागारांबद्दल माझे मत फारसे चांगले नाही. त्यांना चेहरा आवडता करता येतो. विश्वासू करता येत नाही, कारण त्याला लागणारी वर्षे त्यांच्या अहवालात मावत नाहीत.

ती वर्षे कशी जातात ते सांगतो. नवा बातमीदार बहुधा विशीत, लहान गावाच्या केंद्रात कामाला लागतो. कॅमेरा, तिपाई, संकलन आणि निवेदन सगळे एकट्याने करतो, तुटपुंज्या पगारावर दोन-तीन वर्षांचा करार संपवतो आणि मोठ्या शहराकडे सरकतो. ओक्लाहोमा सिटीत आलेल्यांपैकी बरेच जण डॅलसची वाट पाहत असतात. जे जात नाहीत ते हळूहळू शहराचे होतात. लिंडा कॅव्हनॉ यांनी क्रमांक ४ वर चाळीस वर्षे काढली आणि २०१७ च्या अखेरीस निवृत्ती घेतली. ओगल घराण्याचे उदाहरण तर आपल्याकडच्या कीर्तनकारांच्या घराण्याची आठवण करून देणारे आहे. जॅक ओगल याच शहरात टीव्हीवर बातम्या सांगत. त्यांचे केविन आणि केंट हे दोन मुलगे क्रमांक ४ वर निवेदक झाले, तिसरा केली प्रतिस्पर्धी क्रमांक ९ वर, आणि केविन यांची मुलगी ॲबिगेल क्रमांक ५ वर. घरातल्या जेवणाच्या टेबलावर तीन स्पर्धक केंद्रे बसलेली, असे दुसरे शहर मला माहीत नाही.

ही आपलेपणाची परीक्षा किती बारीक असते ते मी पहिल्याच महिन्यात शिकलो. शहराच्या पूर्वेला चेक वसाहतकऱ्यांनी वसवलेले प्राग नावाचे गाव आहे, निदान मी तसे समजत होतो. बदली आलेल्या निवेदिकेसाठी मी प्रॉम्प्टरवर उच्चार लिहून दिला, ‘प्राग’. तिने तो तसाच वाचला आणि दुसरी बातमी सुरू होण्याआधी वृत्तकक्षातले फोन वाजू लागले, कारण त्या गावाचे लोक आपल्या गावाला ‘प्रेग’ म्हणतात. राज्याच्या ईशान्य कोपऱ्यातले मायामी तिथे ‘मायॅमा’ असते. एका आजींनी मला फोनवर शांतपणे विचारले, ‘आमच्या गावाचे नाव जिला येत नाही तिला आमच्या गावावर येणारे वादळ कसे कळणार?’ मी त्या वेळी मनात हसलो होतो. पुढच्या मे महिन्यात हसलो नाही.

आता वादळाकडे येतो. अमेरिकेच्या हवामान खात्याने कित्येक दशके आपल्या अंदाजात ‘टॉर्नेडो’, म्हणजे ढगातून जमिनीपर्यंत उतरणारा वाऱ्याचा भोवरा, हा शब्द टाळला होता, कारण लोक घाबरून सैरावैरा पळतील अशी भीती होती. ही कोंडी फुटली ती ओक्लाहोमा सिटीच्या वेशीवरच्या टिंकर हवाई तळावर. २० मार्च १९४८ रोजी तळावर टॉर्नेडो आदळला, वरिष्ठांनी फॉबुश आणि मिलर या दोन हवामान अधिकाऱ्यांना अंदाजाची शक्यता तपासायला सांगितले, आणि पाचच दिवसांनी, २५ मार्चला, त्यांनी दिलेला इशारा खरा ठरून त्याच तळावर पुन्हा टॉर्नेडो आला. असा इशारा देता येतो हे त्या दिवशी सिद्ध झाले. तो सामान्य माणसाच्या घरात कोण पोहोचवणार, हा पुढचा प्रश्न होता आणि त्याचे उत्तर नेमके त्याच सुमारास जन्माला आले. शहरातले पहिले दूरचित्रवाणी केंद्र, आजचे क्रमांक ४, जून १९४९ मध्ये सुरू झाले.

या इतिहासातले सर्वांत मोठे नाव हवामानतज्ज्ञ गॅरी इंग्लंड यांचे. सीलिंग नावाच्या छोट्या गावातल्या शेतावर वाढलेला हा माणूस १९७२ मध्ये केडब्ल्यूटीव्हीत आला, म्हणजे ज्या वर्षी मुंबई दूरदर्शन सुरू झाले त्याच वर्षी, आणि २०१३ पर्यंत तिथेच राहिला. त्यांच्या आग्रहाने १९८१ मध्ये केंद्राने डॉप्लर रडार विकत घेतले. साधे रडार पाऊस कुठे आहे एवढे दाखवते. डॉप्लर त्या पावसाचे थेंब आपल्याकडे येताहेत की आपल्यापासून दूर जाताहेत तेही सांगते. पडद्यावर हिरवा आणि लाल रंग अगदी चिकटून दिसले, की ढगाच्या पोटात हवा गरगरते आहे असे समजायचे. जवळच्याच नॉर्मन गावातल्या सरकारी प्रयोगशाळेत संशोधनासाठी असे रडार होते, परंतु हवामान खात्याचे देशव्यापी डॉप्लर जाळे उभे राहायला १९९० चे दशक उजाडले. म्हणजे जवळजवळ दहा वर्षे एका शहराच्या खासगी केंद्राकडे, रोजच्या प्रेक्षकासाठी, असे साधन होते जे सरकारने अजून गावोगाव पोहोचवले नव्हते. आपण विचारलेल्या भरवशाचे मूळ इथे आहे. मालिका थांबवल्याशिवाय इशारा दिसावा म्हणून पडद्याच्या कोपऱ्यात राहणारा काउंट्यांचा छोटा नकाशा, जो आज सगळीकडे दिसतो, तोही याच वृत्तकक्षातून रुळला.

मग ३ मे १९९९ आला. ओक्लाहोमा सिटीजवळच्या ब्रिज क्रीक आणि मूर या भागांतून गेलेल्या त्या टॉर्नेडोत वाऱ्याचा वेग फिरत्या रडारने ताशी ३०० मैलांहून अधिक मोजला, आणि ३६ माणसे त्यात थेट मृत्युमुखी पडली. इंग्लंड यांनी त्या संध्याकाळी प्रेक्षकांना सांगितले, की वाचायचे असेल तर जमिनीखाली जावे लागेल. हे वाक्य किती कठीण आहे ते समजण्यासाठी एक तपशील हवा: ओक्लाहोमातल्या फार थोड्या घरांना तळघर असते, आणि तिथल्या चिकणमातीत ते बांधणे अवघड मानले जाते. म्हणजे निवेदक हजारो लोकांना सांगत होता, की तुमचे घर पुरेसे नाही, शेजाऱ्याच्या भुयारात जा किंवा वाटेतून बाजूला व्हा. हे वाक्य आदल्या दिवशी आलेल्या पाहुण्याने म्हटले असते तर लोकांनी खिडकीतून बाहेर पाहिले असते. सत्तावीस वर्षे रोज संध्याकाळी पाऊस पडेल की नाही एवढेच सांगणाऱ्या माणसाने म्हटले, म्हणून लोक उठले. इतकी माती झालेल्या वस्त्यांत याहून कितीतरी अधिक माणसे गेली असती, असे मानणाऱ्यांपैकी मी एक आहे.

सरकारी खाते या चित्रात कुठे आहे? अगदी मध्यभागी. अधिकृत इशारा नॉर्मनच्या हवामान कार्यालयातूनच निघतो. ‘टॉर्नेडो इमर्जन्सी’ हा शब्दप्रयोगही त्याच ३ मे रोजी त्याच कार्यालयाने प्रथम केला. परंतु कार्यालय मजकूर आणि नकाशावरचा बहुकोन देते. केंद्रावरचा माणूस त्याचे रस्त्यांच्या नावांत, शाळांच्या नावांत आणि मिनिटांत रूपांतर करतो. ‘मूरमध्ये सँटा फे अव्हेन्यूच्या पश्चिमेला असाल तर आता, दहा मिनिटांनी नव्हे’ ही भाषा कार्यालयाची नाही. ती पंचक्रोशी पायाखाली घातलेल्या माणसाची असते.

अशा संध्याकाळी नियंत्रणकक्षात काय चालते ते पडद्यावर दिसत नाही. एरवी निर्मात्याच्या हातात सेकंदांचा हिशेब केलेला रनडाउन असतो. आम्ही ज्याला वॉल-टू-वॉल म्हणतो ते सुरू झाले, की तो कागद बाजूला पडतो आणि जाहिराती रद्द होतात. त्या तासांचे उत्पन्न जाते, ते नंतर विक्री विभागाने निस्तरायचे. निर्मात्याचे काम एकच उरते, पुढचा डोळा कोणता हे ठरवणे: रडार, हेलिकॉप्टर, की खेड्यातल्या रस्त्यावर मोटार थांबवून उभा असलेला, वादळांचा पाठलाग करणारा माणूस. हवामानतज्ज्ञाच्या कानातल्या यंत्रात मी चार शब्दांपेक्षा जास्त बोलत नसे, कारण तो त्याच वेळी बोलतही असे. एका मे महिन्यात वेगाने सरकणाऱ्या वादळावर तो अस्सल शास्त्रीय भाषेत रंगून गेला होता. बाजूला बसलेल्या ज्येष्ठ निवेदिकेने त्याचे वाक्य संपायची वाट पाहिली आणि अगदी अडाण्यासारखे विचारले, ‘म्हणजे शाळेच्या पूर्वेला राहणाऱ्यांनी आत्ता काय करायचे?’ तिला उत्तर पाठ होते. त्या शहरात तिने कित्येक वादळे पाहिली होती. तो थांबला, नकाशावर बोट ठेवले आणि तीन छोट्या वाक्यांत सांगून मोकळा झाला. पुरस्कार मिळतात ते हेलिकॉप्टरच्या दृश्यांना. माझ्या दृष्टीने त्या रात्रीचे सर्वांत चांगले काम तो प्रश्न होता.

या सत्तेची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर उत्तर अर्धे राहील. २० मे २०१३ रोजी मूरवर पुन्हा टॉर्नेडो आला आणि २४ जण मृत्युमुखी पडले, त्यांत एका प्राथमिक शाळेतली सात मुले होती. अवघ्या अकरा दिवसांनी, ३१ मे रोजी, एल रीनोजवळ तब्बल ४.२ किलोमीटर रुंदीचा टॉर्नेडो उतरला. शहर अजून आधीच्या धक्क्यात होते. त्या संध्याकाळी पडद्यावरून दक्षिणेकडे निघून जाण्याचा सल्लाही दिला गेला, आणि कोणी तो ऐकून, कोणी स्वतःच्या भीतीने, हजारो मोटारी एकाच वेळी महामार्गांवर आल्या आणि अडकून पडल्या. टॉर्नेडो शहरातल्या त्या रांगांपर्यंत पोहोचण्याआधी विरला, हे नशीब. त्यानंतर टीका खूप झाली आणि ती योग्य होती. ज्याच्या शब्दावर लोक क्लॉझेटमध्ये बसतात त्याच्याच शब्दावर ते रस्त्यावरही येतात. त्याशिवाय मे महिना हा पूर्वापार प्रेक्षकसंख्या मोजण्याच्या चार महिन्यांपैकी एक असल्यामुळे, साध्या गडगडाटालाही थोडा जास्त लाल रंग चढवण्याचा मोह केंद्रांना होतो, हे मी नाकारणार नाही. ‘एवढे ओरडलात आणि थेंब पडला नाही, वर थंडरचा (शहराच्या बास्केटबॉल संघाचा) सामनाही घालवलात’ असे सांगणारे फोन मी असंख्य घेतले आहेत, आणि त्यांतले काही बरोबर होते.

हे सगळे किती दिवस टिकेल, असे आपण विचारलेले नाही, पण एका वाक्यापुरते सांगतो: केंद्रे आता मोजक्या मोठ्या कंपन्यांच्या हातात गेली आहेत, आणि एका मालकाने २०२५ च्या सुरुवातीला गावोगावचे हवामानतज्ज्ञ काढून दूरच्या एकाच शहरातून सगळ्यांचा अंदाज सांगण्याची योजना आणली तेव्हा प्रेक्षकांनी एवढा आरडाओरडा केला, की काही ठिकाणी त्याला माघार घ्यावी लागली. गॅरी इंग्लंड त्याच वर्षी गेले.

आपण पुन्हा वसंतात जाणार असाल तर दोन-तीन गोष्टी जवळ ठेवा. मुलाच्या काउंटीचे नाव आणि पश्चिमेकडच्या दोन काउंट्यांची नावे पाठ करा, कारण तिथली वादळे बहुधा नैर्ऋत्येकडून किंवा पश्चिमेकडून येतात. घराजवळच्या दोन मोठ्या रस्त्यांचा चौक लक्षात ठेवा. पडद्यावरचा माणूस त्याच भाषेत बोलेल. ‘वॉच’ म्हणजे परिस्थिती अनुकूल आहे, जेवण उरकून घ्यावे; ‘वॉर्निंग’ म्हणजे ताट तसेच ठेवून उठावे. वीज गेली की टीव्ही जातो, म्हणून बॅटरीवर चालणारा हवामान खात्याचा रेडिओ घरात आहे का ते सुनेला विचारा. आणि शनिवारी दुपारी बारा वाजता शहरात भोंगे वाजले तर क्लॉझेटकडे धावू नका. ती दर आठवड्याची चाचणी असते, आणि आभाळ भरून आलेले असेल त्या शनिवारी लोकांचा गोंधळ नको म्हणून ती सहसा घेतही नाहीत.